जस्टिस लीग इंटरनॅशनलची सिटकॉम कागदावर उभी करायची तर

कॉमिकमधल्या सुपरहिरोंना काल्पनिक सिटकॉममध्ये, म्हणजे घरगुती विनोदी मालिकेत, बसवायचा चाहत्यांचा खेळ सुरू झाला की पहिल्या पाच मिनिटांत बॅटमॅन कोण करणार यावर वाद पेटतो आणि खेळ तिथेच संपतो. हाती उरते नटांच्या फोटोंची यादी. मालिका तिच्यात कुठेच नसते. एकमेकांना टाळता न येणारी माणसं एका छपराखाली आली की सिटकॉम होते, म्हणून नट सगळ्यात शेवटी निवडावेत. आधी घर, मग घरातली भांडणं, मग शक्तींचा खर्च आणि त्यानंतर चेहरे.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: डीसी कॉमिक्सची १९८७ साली सुरू झालेली, सुपरहिरोंच्या टोळीवरची कॉमिक मालिका जस्टिस लीग, जी सातव्या अंकापासून ‘जस्टिस लीग इंटरनॅशनल’ झाली. कीथ गिफन कथानक आणि पानांची कच्ची आखणी करायचे, जे. एम. डीमॅटिस संवाद लिहायचे आणि केव्हिन मॅग्वायर चेहरे काढायचे. चेहरे हा शब्द मुद्दाम वापरला आहे. या कॉमिकमधल्या हाणामाऱ्या फार कोणाला आठवत नाहीत. भुवया, वासलेले जबडे आणि दाबून धरलेलं हसू आठवतं. आठवा अंक जवळपास सगळा लीगच्या नव्या दूतावासांत सामान हलवण्यात जातो. सिटकॉमचं निम्मं काम मूळ कॉमिकनेच करून ठेवलं आहे, त्यामुळे हात बसवायला यापेक्षा सोपं साहित्य नाही.

संच निवडताना

दुसरा एखादा संच घ्यायचा असेल तर आधी एक परीक्षा घ्या: खलनायक काढून टाका आणि उरतं काय ते बघा. एकटा सुपरमॅन घेतला तर फार काही उरत नाही, कारण त्याला हवं आणि मिळत नाही असं रोजचं काही नसतं. ब्लू बीटल आणि बूस्टर गोल्ड घेतले तर सगळंच उरतं. बीटल, म्हणजे टेड कॉर्ड, हुशार यंत्रकार आहे. अंगात शक्ती शून्य. बूस्टर पंचविसाव्या शतकातला फुटबॉलपटू. सामने विकल्यामुळे बदनाम झाला, संग्रहालयात पहारेकरी म्हणून लागला आणि तिथलीच यंत्रं पळवून विसाव्या शतकात प्रसिद्धी कमवायला आला. दोघांनाही पैसा हवा आहे आणि दोघांच्याही हाती तो टिकत नाही. कॉमिकमध्ये हे दोघे लीगचा पैसा वापरून एका बेटावर कॅसिनो काढतात आणि ते बेटच जिवंत निघतं. अशी एखादी योजना दर आठवड्याला सुचवता येत असेल तर संच चालेल.

संचाला एकत्र राहण्याची सक्तीही हवी. इथे ती संयुक्त राष्ट्रांनी मान्यता दिलेल्या दूतावासातून येते: राहायला जागा, वर जबाबदारी, डोक्यावर साहेब. साहेब म्हणजे मॅक्सवेल लॉर्ड, गोड बोलणारा, दहा गोष्टी लपवणारा धंदेवाईक माणूस. साहेब नसलेली सुपरहिरोंची टोळी लवकरच नुसती मित्रमंडळी होते आणि मग दर भागाला बाहेरून संकट आणावं लागतं.

काळही आधीच गोठवून टाका. गिफन–डीमॅटिस पर्व १९९२ मध्ये साठाव्या अंकाशी संपलं. त्यानंतर १९९४ मध्ये लीगमधली नायिका आइस मरते आणि २००५ मध्ये खुद्द मॅक्सच बीटलला गोळी घालतो. ही माहिती मालिकेत थोडी जरी झिरपली तरी मॅक्सचा प्रत्येक विनोद विषारी वाटू लागतो. म्हणून रेघ १९९२ वर. मालिकेचा पहिला भाग त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकी नेटवर्कवर लागला असं धरायचं. आधी तेरा भागांची मागणी, चालली तर आणखी नऊ. त्या काळची ही नेहमीची पद्धत. बावीसच्या बावीस भागांची शीर्षकं लिहायला बसू नका. तेरा सुचली तर संच पक्का समजा, सहाव्यालाच अडलात तर संच बदला.

घर आणि शक्तींचा हिशेब

प्रेक्षकांसमोर चित्रित होणाऱ्या बहुकॅमेरा सिटकॉममध्ये सेट एका ओळीत असतात, चौथी भिंत नसते, समोर तीन-चार कॅमेरे आणि त्यांच्यामागे प्रेक्षकांच्या पायऱ्या. नाटक पाहणाऱ्याला ही रचना सांगावी लागत नाही. न्यूयॉर्क दूतावासासाठी तीन कायमचे सेट पुरतात: मधोमध पडदे आणि सोफा असलेली पहाऱ्याची खोली, डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे मॅक्सचं ऑफिस. चौथी जागा दर भागाला बदलती ठेवा. दरवाजे मात्र मोजून लावा. पहाऱ्याच्या खोलीला निदान तीन हवेत, कारण पळून जाणारा आणि शोधत येणारा एकाच दारातून ये-जा करू लागले की फार्सचा जीव जातो.

यापुढचा भाग बहुतेक चाहते गाळतात आणि तिथेच त्यांची मालिका खोटी वाटू लागते. प्रत्येक शक्तीला खर्चाच्या तीन खणांपैकी एकात टाका.

फुकटच्या खणात जॉन जॉन्झ, म्हणजे मंगळावरून आलेला हिरवा मार्शन मॅनहंटर, पहिला. त्याला रूप बदलता येतं. तो कोठीच्या दारामागे जातो आणि दुसरा नट बाहेर येतो. एका दाराच्या किमतीत शक्ती मिळाली. तो अदृश्यही होतो, म्हणजे खुर्ची आपोआप सरकली की काम झालं. २०२१ च्या ‘वांडाव्हिजन’ या सुपरहिरो मालिकेचा पहिला भाग खऱ्या प्रेक्षकांसमोर, कृष्णधवल चित्रित झाला आणि स्वयंपाकघरातली उडती भांडी तारांवर नाचवली गेली. कॉम्प्युटरवर उडवलेल्या कपापेक्षा तारेवरच्या कपाला प्रेक्षक जास्त हसतो, कारण तो किंचित अडखळतो.

स्वस्तात गाय गार्डनरची, मनात येईल ती वस्तू प्रकाशातून बनवणारी हिरवी अंगठी येते. त्याने काय बनवलं ते दाखवायचंच नाही. कॅमेऱ्याच्या बाहेरून हिरवा दिवा, एक आवाज आणि बाकी चौघांचे चेहरे. मॅग्वायरचं सगळं तंत्र या एका शॉटमध्ये येतं. फायरसाठी करपलेला टोस्ट, आइससाठी ग्लासात गोठलेला रस.

उडणं आणि बीटलचं ‘बग’ हे किड्याच्या आकाराचं विमान महागाच्या खणात. तारांवर माणूस उडवायचा म्हणजे कमरेचा पट्टा, तालीम आणि अख्खा दिवस. बग दाखवूच नका. गडगडाट ऐकवा, खिडकीवर पिवळा झोत फिरवा, टेबलावरचे कप थरथरवा आणि बीटलला दारातून आत आणून पार्किंगबद्दल कुरकुर करायला लावा. एका भागात एक शक्ती डोळ्यांना दिसावी आणि दोन फक्त ऐकू याव्यात, एवढाच शिधा ठेवा.

पैशाची तंगी नेहमी वाईटच असते असं नाही. २००१ मध्ये फॉक्सने केलेल्या ‘द टिक’ या सुपरहिरो सिटकॉमचे नऊच भाग बनले आणि त्यात हिरो बहुतेक वेळ उपाहारगृहात नाही तर घरात बसून बोलतात. नायकाच्या डोक्यावरचे हलणारे मिशांसारखे अँटेना हा तिथला मोठा खर्च, आणि तेच सगळ्यात जास्त हसवतात. उलट ‘पॉवरलेस’ पाहा. २०१७ ची ही एनबीसीची मालिका मुळात विमा कंपनीची होती. प्रसारणाआधी ती वेन सिक्युरिटी नावाच्या सुरक्षावस्तूंच्या कंपनीची करण्यात आली. बारा भाग बनले, अमेरिकेत नऊ दाखवले गेले. नट उत्तम होते, पण हिरो कायम खिडकीबाहेर राहिले. हिरोंच्या नावावर प्रेक्षक बोलवायचा आणि हिरोच आत घ्यायचे नाहीत, हा सौदा टिकणं अवघडच होतं.

पात्रांचे कागद

प्रत्येक पात्राला अर्धं पान द्या. त्याला काय हवंय, त्याच्या आड त्याचाच कोणता दोष येतो आणि खोलीतल्या कोणाशी त्याचं सतत घासतं, एवढंच लिहा. शक्ती शेवटच्या ओळीत. बीटल आणि बूस्टर यांच्यात गोंधळ होतो तो इथे सोडवा: बीटलला योजना फसणार हे माहीत असतं आणि तरी तो करतो, बूस्टरला ते माहीतच नसतं. जॉनला शांतता हवी आहे, पण जबाबदारी सोडवत नाही. त्याला ओरिओ बिस्किटांचं वेड आहे आणि आगीचं वावडं, तेव्हा गॅसची शेगडी पेटली की तो स्वयंपाकघरातून निघतो. या एका गोष्टीवर वर्षभर एन्ट्री-एक्झिट काढता येतात. गाय दोन तऱ्हांचा: उद्धट, आणि डोक्याला मार लागला की कमालीचा गोड. हा बदल कॉमिकमधलाच आहे. तो वर्षातून एकदाच वापरा, तोही नवव्या-दहाव्या भागात, उद्धट गायची सवय झाल्यावर. फायर आणि आइस खोलीत एकत्र राहतात. एकीला कोणालाही नाही म्हणायला संकोच वाटत नाही, दुसरीला हो म्हणण्यावाचून काही सुचत नाही.

बॅटमॅन घरात राहत नाही. तेरा भागांत दोनदा येतो, तीन वाक्यं बोलतो, सोफ्यावर बसत नाही. पाचव्या अंकात त्याने गायला एका ठोशात आडवं केलं होतं, तेव्हा तो आल्यावर गाय नकळत एक पाऊल मागे सरकतो, एवढं पुरे. बॅटमॅनला विनोद दिला की दोन भागांत त्याचा दरारा संपतो आणि हसवण्याचं तुमचं सगळ्यात भक्कम साधन हातचं जातं.

आता नट

१९९२ च्या शरद ऋतूत कोण मोकळं होतं ते आधी तपासा. चालू मालिकेतला नट उचलला की जाणकार वाचक तिथेच थांबतो. मग त्याचं तेव्हाचं वय काढा; आजचा फोटो पाहून नट निवडणं ही सगळ्यात नेहमीची चूक.

मॅक्ससाठी जॉन लॅरोकेट, वय ४४. ‘नाइट कोर्ट’ त्याच वर्षी मे महिन्यात संपली होती, आणि तिच्यातल्या लंपट, गोडबोल्या वकिलासाठी १९८५ ते १९८८ सलग चार एमी पुरस्कार त्यांना मिळाले होते. जॉन जॉन्झसाठी रॉबर्ट गिलॉम, वय ६४. ‘बेन्सन’मध्ये त्यांनी गव्हर्नरच्या घरातला गोंधळ कोरड्या चेहऱ्याने निस्तरला होता, मूर्खांच्या घरातला एकमेव शहाणा हीच जॉनची जागा. हिरव्या रंगात रोज तीन-चार तास बसवायची गरज नाही: जॉनला माणसाचं रूप घेता येतं, हिरवा चेहरा खास भागांपुरता ठेवा.

बीटल पीटर स्कोलारी. त्याची ‘न्यूहार्ट’ ही मालिका १९९० मध्ये संपली होती आणि हा नट सर्कशीच्या कसरती शिकलेला, हातात चार वस्तू सहज खेळवणारा. शक्ती नसलेल्या हिरोचं अंग असंच चपळ हवं. बूस्टरसाठी डीन केन, वय २६: प्रिन्स्टनमध्ये फुटबॉल खेळला, बफेलो बिल्सशी करार झाला आणि गुडघ्याच्या दुखापतीने खेळ सुटला. पुढच्याच वर्षी तो ‘लोइस अँड क्लार्क’मध्ये सुपरमॅन झाला, त्यामुळे आपली मालिका एका वर्षात त्याला गमावणार. ही अडचण लपवू नका. दुसऱ्या वर्षासाठी बूस्टर लीग सोडून स्वतःची जाहिरात संस्था काढतो अशी तरतूद आत्ताच लिहून ठेवा. गायला डेनिस लिअरी, तेव्हा रागीट एकपात्री विनोदासाठी नाव झालेला. त्याच्या तोंडी गोड गाय ऐकायला मजा येईल. फायरसाठी सोनिया ब्रागा: ब्राझीलच्याच, आणि ‘द कॉस्बी शो’त पाहुण्या म्हणून येऊन गेलेल्या. आइससाठी मात्र ओळखीचा चेहरा टाळा. सहा ओळखीच्या चेहऱ्यांत एक अनोळखी असला की प्रेक्षक तिच्या बाजूने खोलीत शिरतो.

नटांची जोडी उंचीनेही पाहा. लॅरोकेट सहा फुटांच्या बरेच वर, स्कोलारी त्यांच्यापेक्षा चांगलाच ठेंगणा. दोघं एका चौकटीत असताना मॅक्सला टेबलाच्या कडेवर बसवा, नाहीतर कॅमेरा मागे न्यावा लागेल आणि चेहरे हरवतील. बीटलचे पिवळे गॉगल कपाळावर सरकवून ठेवा. डोळे झाकलेल्या नटाला विनोदाचा पंच मारता येत नाही.

एक भाग बांधून पाहा

नेटवर्कच्या अर्ध्या तासात हाती साधारण २२ मिनिटं येतात: शीर्षकाआधीचा प्रवेश दीड-दोन, पहिला अंक नऊ-दहा, दुसरा तेवढाच, शेवटची चिमूट एक मिनिट. बहुकॅमेरा पटकथेत संवाद दुहेरी अंतराने टाइप करतात, त्यामुळे ती ४५-५० पानं भरते. एककॅमेरा असेल तर तीसेक. आकडा पाहून घाबरू नका. तुम्हाला आधी फक्त एका पानाचा आराखडा लागेल.

नमुना असा. सुरुवातीला स्वयंपाकघरात ओरिओची बरणी रिकामी. जॉन विचारतो बिस्किटं कोणी खाल्ली. तिघे काळे दात दाखवत नाही म्हणतात. गायने खरोखर खाल्लेली नाहीत, आणि त्याच्यावरच कोणाचा विश्वास नाही. पहिल्या अंकात मॅक्स सांगतो की संयुक्त राष्ट्रांचा हिशेबतपासनीस परवा येतोय. बीटल आणि बूस्टर यांनी दूतावासातली पाहुण्यांची खोली आठवड्यापासून पर्यटकांना भाड्याने दिलेली आहे. भाडेकरूला दोन दिवसांत बाहेर काढायचं. गाय निर्दोषत्व सिद्ध करायला बिस्किटांचा तपास सुरू करतो. फायर आइसला नाही म्हणायला शिकवते. अंकाच्या शेवटी भाडेकरू अंघोळीचा झगा घालून बाहेर येतो आणि ओळखपत्र पुढे करतो: तपासनीस तोच, दोन दिवस आधी आलेला.

दुसऱ्या अंकात त्याची नको इतकी बडदास्त. अहवाल पाहायला जॉन त्याचं रूप घेतो आणि पॅसेजमध्ये तो स्वतःलाच भेटतो. मॅक्स आइसला खोट्या पावतीवर सही करायला सांगतो, आणि ती पहिल्यांदा नाही म्हणते. तिसरी गोष्ट पहिलीला येऊन मिळाली. अहवालात एवढंच निघतं की अख्ख्या दूतावासात नफ्यात चालणारी एकच खोली आहे, भाड्याची. गायच्या तपासात चोर सापडतो: झोपेत चालणारा जॉन. शेवटच्या मिनिटात अंधाऱ्या स्वयंपाकघरात बॅटमॅन उरलेलं एक बिस्कीट उचलतो आणि जातो.

यात शक्ती एकदाच दिसली आणि तिने काम बिघडवलं. शक्तीने प्रश्न सुटला तर तो भाग फाडा. सुटका नेहमी कोणाच्या तरी स्वभावातून यावी, इथे आइसच्या.

संवाद लिहिताना पानाला दोन-तीन हशे पुरे. त्याहून जास्त भरले की प्रेक्षकाला हसायला जागा राहत नाही आणि पुढची ओळ हशात बुडते. मराठीत लिहिणार असाल तर कोण कोणाला अरे-तुरे करतो ते पहिल्याच दिवशी ठरवा. गाय सगळ्यांना, बॅटमॅनलासुद्धा. आइस जॉनला अहो-जाहो. बीटल मॅक्सला एरवी नावाने हाक मारतो आणि पैसे मागताना साहेब म्हणतो. लय अशी असू द्या:

मॅक्स: परवा हिशेब तपासायला माणूस येतोय.
बूस्टर: कुठले हिशेब?
मॅक्स: आपले.
बीटल: आपल्याकडे हिशेब आहेत?
मॅक्स: परवापर्यंत असतील.

नंतर पात्रांची नावं झाकून पान मोठ्याने वाचा. बीटलची ओळ बूस्टरला शोभत असेल तर ती दोघांचीही नाही. दुसऱ्या कॉमिकचा उल्लेख हाच ज्यातला विनोद आहे अशा ओळीही काढून टाका. त्यांना फक्त जाणकार हसतात, आणि तेही ओळखल्याच्या समाधानाने.

पोस्टर आणि शीर्षकफीत

कॉमिकच्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ, वर पाहणारी अख्खी लीग, पोस्टरसाठी हमखास उचललं जातं आणि हमखास बिघडतं. नटांचे प्रसिद्धीचे फोटो डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले असतात. ते वरून पाहिलेल्या शरीरांवर चिकटवले की हनुवट्या लोंबतात. वरून घेतलेले फोटो मिळत नसतील तर ही मांडणी सोडा आणि सगळ्यांना सोफ्यावर कोंबा, नाहीतर चेहरे हाताने काढा. प्रकाशाची दिशा सगळ्या फोटोंत एकच ठेवा. मिळत नसेल तर फोटो आडवा उलटून पाहा, पण भांग आणि चेहऱ्यावरचे तीळ बाजू बदलतात हे लक्षात ठेवून.

शीर्षकफीत ४५ सेकंदांची, प्रत्येक नटाला चार-पाच सेकंद आणि शेवटी गोठलेली चौकट. चौकट ४:३ ची ठेवा, म्हणजे १४४० बाय १०८०, वेग सेकंदाला २९.९७. नटांच्या जुन्या मालिकांतले तुकडे वापरणार असाल तर एकाच नटाचे तुकडे एकाच मालिकेतून घ्या, नाहीतर केस आणि वय दर कटला बदलतं. मूळ हशाचा आवाज काढून टाका आणि सगळ्या फितीवर एकच हशा नव्याने चढवा, पंचनंतर अर्धा सेकंद थांबून. ‘चाहत्यांची कल्पना’ ही अक्षरं चित्राच्या आतच, चेहऱ्यांच्या इतक्या जवळ टाका की कोणाला कापता येणार नाहीत. मथळ्यात किंवा खालच्या ओळीत लिहिलेली सूचना पहिल्याच फॉरवर्डमध्ये गळून पडते आणि दुसऱ्या दिवशी ती मालिका खरंच येणार असल्याची बातमी फिरू लागते.